'अगाथोस दायमोन'ला मराठीत काय म्हणावं?

ताकपिठं

मंडळी, एका शब्दावर आठवडाभर अडून बसले आहे. दिवाळी अंकासाठी प्राचीन ग्रीकांच्या घरातल्या देवांवर लेख लिहायला घेतलाय. झ्यूस, अथीना या बड्या मंडळींवर नाही. कोठीतले, अंगणातले, जेवणाच्या वेळी हक्कानं वाटा घेणारे जे होते त्यांच्यावर. त्यात पहिलाच आडवा आला तो अगाथोस दायमोन. अगाथोस म्हणजे भला. आणि दायमोन म्हणजे... इथेच गाडी रुतली.

हा कोण, तर घराचं बरं बघणारा. जेवणं आटोपून मेजं उचलली की याच्या नावानं वाइनचा एक घोट घ्यायचा, तोही निखळ. एरवी ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी घालूनच पीत, निखळ पिणं म्हणजे रानटीपणा. हा एकच घोट बिनपाण्याचा. मग पाणी मिसळायचं आणि गप्पा-गाणी सुरू. चित्रा-शिल्पांत हा कधी साप असतो, कधी हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग घेतलेला माणूस. अथेन्समध्ये महिन्याचा दुसरा दिवस याचा.

शब्दकोशात दायमोनपुढे देवता, दैव, भूत, पिशाच्च, राक्षस असं अख्खं खटलं दिलंय. इंग्रजीतला 'डीमन' याचाच वंशज, त्यामुळे वाचकाच्या डोक्यात शिंगं-शेपूट आधीच तयार. 'भला राक्षस' लिहिलं तर बालकथा वाटेल. 'कुलदैवत' म्हणावं तर हा कुळाचा नाही, घराचा. तुम्ही काय लिहाल?

बिनपाण्याचा

निखळ घोटासाठी सदस्य हजर आहे. आधी विधी उरकतो, मग शब्द सुचवतो.

रायवळ

ताई, राखणदार लिवा नि मोकळे व्हा.

कुडाळकडचा आहे म्हणून सांगतो. रात्री पाणंदीत काठी आपटल्याचा आवाज आला की आमची म्हातारी माणसं म्हणायची, राखणदार फिरतोय, गप झोपा. तो दिसत नाही, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. वर्षाचा मान मात्र चुकवायचा नाही. गाऱ्हाणं घालताना त्याला सगळ्या वाडीचं सांगणं आणि खाली मंडळींचं 'व्हय म्हाराजा'. तुमच्या ग्रीकाला वाइन, आमच्याला कोंबडा नि रोट. फरक तो काय?

खडीसाखर

व्हय म्हाराजा!

उभा_आडवा

राखणदार शब्द गोड आहे, पण इतकी घाई नको. सगळ्या जगाला आपल्या वेशीत आणून बांधायची आपल्याला फार हौस.

महाकवी होमरकडे दायमोन म्हणजे चक्क देव. इलियडच्या पहिल्याच सर्गात अथीना ऑलिम्पसवर 'इतर दायमोनांकडे' परत जाते. ओडिसीत गंमत अशी की माणसावर काही अवचित कोसळलं, की ती माणसं म्हणतात 'कुण्या दायमोनानं केलं'. कवीला ठाऊक असतं की ते अमुक देवाचं काम आहे. भोगणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणजे दायमोन हे नाव नव्हे, नाव कळत नाही तेव्हा वापरायचा शब्द आहे तो. याला तुम्ही काठी आणि घोंगडी देणार?

आता स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतो. इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा ग्रीक कवी हेसिअड सांगतो की सुवर्णयुगातली माणसं मेल्यावर झ्यूसच्या इच्छेनं दायमोन झाली. धुकं पांघरून ती पृथ्वीवर सगळीकडे फिरतात, न्यायनिवाड्यांवर आणि दुष्कृत्यांवर नजर ठेवतात, संपत्ती देतात. त्यांच्यासाठी त्यानं शब्द वापरलाय 'फिलाकेस', म्हणजे अक्षरशः राखणारे. पुढे तोच म्हणतो की माणसांवर लक्ष ठेवायला झ्यूसचे तीस हजार अमर पहारेकरी आहेत. तेव्हा रायवळ, अर्धा गुण तुम्हाला.

खडीसाखर

धुकं पांघरलेले ३०,००० सीसीटीव्ही. आमच्या सोसायटीत चार आहेत, त्यातले दोन बंद.

ओंकारेश्वर_पूल

एवढा काथ्याकूट कशाला? दायमोन हा 'देव'चाच अपभ्रंश. द, य, म... सरळ दिसतंय. सगळं इथूनच तिकडे गेलंय.

शब्दपिसू

सरळ दिसतं तिथेच घसरायला होतं, पूलकाका.

'देव'चे ग्रीक भाऊबंद वेगळे. झ्यूसची षष्ठी 'दिओस', आपला 'द्यौः', लॅटिन 'देउस' हे एका घरचे. दायमोन त्यातला नाही. तो बहुधा 'दाइओमाइ' या क्रियापदावरून आलाय. अर्थ: वाटणे, वाटून देणे. दायमोन म्हणजे वाटा घालणारा. पंगतीत वाढपी जसा ज्याचं त्याच्या पानात टाकत जातो, तसा.

पण पूलकाकांनी नाराज होऊ नये, नातं आहे, फक्त आवाजाचं नाही, विचाराचं आहे. आपल्याकडे 'भज्' म्हणजे वाटणे. त्यावरून भाग. भागावरून भाग्य. वेदांत वाटा देणारा देव तो भग, आणि ज्याच्यापाशी भग तो भगवान. रशियन लोक देवाला 'बोग' म्हणतात तोही याच गोतावळ्यातला. म्हणजे वाटणी, नशीब आणि देव ही तिन्ही एका धातूवर उभी करायची युक्ती दोघांनाही सुचली, आपापल्या धातूवर. आणि मराठीत आजही काय म्हणतो आपण? 'वाट्याला आलं.'

ताकपिठं

वाट्याला आलं! शब्दपिसू, या एका ओळीसाठी तुम्हाला लेखात ऋणनिर्देश.

यावरून 'एउदायमोन' किती सोपा होतो बघा. एउ म्हणजे चांगलं. ज्याचा दायमोन चांगला, म्हणजे ज्याच्या वाट्याला चांगलं आलं तो. 'एउदायमोनिया'चं भाषांतर सगळे 'सुख' करतात. अॅरिस्टॉटल ज्याबद्दल बोलतो ते सुख आईस्क्रीमचं नव्हे. आयुष्याचं एकूण चांगभलं होणं म्हणा हवं तर.

उलट 'काकोदायमोन' म्हणजे करंटा. अथेन्समध्ये किनेसिआस नावाचा कवी होता, नाटककार आरिस्तोफानेसच्या चेष्टेचं गिऱ्हाईक. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी एक मंडळ काढलं होतं. लोक शुभ दिवशी एकत्र जेवत, हे मुद्दाम अशुभ दिवशी जेवायला जमत आणि स्वतःला 'काकोदायमोनिस्ताइ' म्हणवत. देवांची आणि कायद्याची टर उडवायला. लिसिआस या वक्त्यानं त्यांचा उद्धार केलाय.

शेवटची_कर्जत

करंटे मंडळ! आमच्या ऑफिसात हेच आहे, महिनाअखेरीला जमतं.

पाटीपेन्सिल

सॉक्रेटिसला कुणी अजून बोलावलं नाही हे नवल. त्याचं 'दायमोनिओन' याच शब्दाचं नपुंसकलिंगी विशेषण, 'दायमोनाचं असं काहीतरी'. लहानपणापासून त्याला एक आवाज यायचा. प्लेटो सांगतो की तो आवाज 'कर' असं कधी म्हणत नसे, फक्त 'नको' म्हणून अडवायचा. राजकारणात पडू नको, हेही त्यानंच सांगितलं. इ.स.पू. ३९९ मध्ये खटला झाला तेव्हा आरोपांत एक कलम हे होतं की हा शहराचे देव मानत नाही आणि नवी दायमोनिआ आणतो. मृत्युदंड झाल्यावर सॉक्रेटिस म्हणतो की आज सकाळी घरातून निघताना, न्यायालयात येताना, बोलताना, आवाजानं मला एकदाही अडवलं नाही. तेव्हा जे होतंय ते वाईट नसणार.

मला हे फार आवडतं. गप्प बसून साथ देणारा राखणदार.

शेवटची_कर्जत

सतत 'नको' म्हणणारा आवाज? आमच्याकडे त्याला बायको म्हणतात.

खडीसाखर

हा विनोद आंतरजाल सुरू व्हायच्या आधीच शिळा झाला होता. तुमच्या आतल्या आवाजानं अडवलं नाही का?

शेवटची_कर्जत

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे.)

उभा_आडवा

पाटीपेन्सिल, एक पुस्ती. झेनोफोनही सॉक्रेटिसचाच शिष्य, तो म्हणतो की हा आवाज काय करावं हेही सांगायचा, मित्रांसाठीसुद्धा. दोन शिष्य, दोन दायमोनिओन. आणि सॉक्रेटिस स्वतः त्याला बहुतेकदा नुसती 'खूण' म्हणतो.

प्लेटोचं तर एका दायमोनवर भागतच नाही. कुठे एरॉस हाच मोठा दायमोन, देव आणि माणसांच्या मधला निरोप्या. कुठे मेल्यावर ज्याचा त्याचा दायमोन त्याला बोट धरून परलोकी नेतो. कुठे जन्माला येण्याआधी आत्म्यांना बजावलं जातं की दायमोन तुमच्या वाट्याला येणार नाही, तुम्हीच आपला निवडायचा आहे. शब्दपिसूंचं 'वाट्याला' त्यानं एका वाक्यात उलटं केलं. आणि म्हातारपणी तो लिहितो की आपल्यातली बुद्धी हाच देवानं दिलेला दायमोन, डोक्यात राहणारा.

समुद्रपक्षी

जहाजावर इंजिनिअर आहे, नेट मिळेल तसं वाचतोय. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, अनेकदा गेलोय म्हणून सापाबद्दल लिहितो.

सुट्टी मिळाली की मी मेट्रोनं अॅक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सचा गड, गाठायचो. इतिहासकार हिरोडोटसनं तिथल्या सापाची गोष्ट सांगितली आहे. देवळात एक मोठा साप राहतो, गड राखतो, आणि दर महिन्याला त्याला मधाची पोळी ठेवतात, असं अथेन्सचे लोक सांगत. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौज चालून आली आणि त्या महिन्यात पोळी तशीच राहिली. पुजारणीनं हे जाहीर केल्यावर लोकांनी शहर सोडण्याची घाई केली, कारण देवीच निघून गेली असा अर्थ त्यांनी लावला. पुढे सलामिसच्या सागरी लढाईत ग्रीक आरमारानं इराण्यांना हरवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पोळी न खाणाऱ्या सापाचा त्यात हात होता असं माझं मत.

पिरेयसमध्येच झ्यूस मेलिखिओसच्या नावानं वाहिलेले दगड सापडलेत, इ.स.पू. चौथ्या शतकातले. झ्यूस म्हणजे वीज, दाढी, सिंहासन ना? त्यातल्या काहींवर नुसता जाडजूड वेटोळं घातलेला साप आहे. मेलिखिओस म्हणजे मवाळ, मधासारखा.

पाटावरवंटा

'मवाळ'वरून आठवलं. सूड घेणाऱ्या एरिनिएस देवींनाही ग्रीक लोक एउमेनिदेस म्हणत, म्हणजे दयाळू. भीती वाटते त्याला गोड नाव. मग अगाथोस दायमोनमधला 'अगाथोस' हे वर्णन आहे की मस्का? माझा संशय मस्क्यावर आहे. आमच्या आजोळी संध्याकाळनंतर साप शब्द उच्चारत नसत, 'जनावर' म्हणायचे.

ताकपिठं

पाटाताई, मलाही तो संशय आला होता. पण कोठीच्या आसपासची ही सगळी मंडळी बघितली की भीतीपेक्षा जिव्हाळाच जास्त दिसतो. झ्यूसचंच एक रूप 'क्तेसिओस', मालमत्ता राखणारा. त्याची मूर्ती कोठीत, आणि त्याच्यासाठी एक लहान घट, कानांना पांढरी लोकर गुंडाळलेला, आत पाणी, तेल आणि तऱ्हेतऱ्हेची फळं. यात दरारा कमी आणि घरपण जास्त वाटतं मला.

आणखी एक. ग्रीसमधल्या बोएओटिया प्रांतात त्रोफोनिओसचं दैवतस्थान होतं, जमिनीखालच्या भुयारात उतरून कौल घ्यायचा. प्रवासवर्णनकार पाउसानिआस स्वतः उतरला होता. तो लिहितो की उतरण्याआधी काही दिवस माणसानं एका घरात राहायचं, आणि ते घर अगाथोस दायमोन आणि आगाथे तिखे, म्हणजे भलं नशीब, यांचं. वर आल्यावर माणूस भीतीनं गारठलेला असतो, स्वतःचं भान नसतं. त्याला परत त्याच घरात आणून ठेवतात. पुढे भान येतं, आणि हसूही परत येतं. हसू येईपर्यंत ज्याच्या घरी ठेवतात तो मस्का लावून घेणारा नसावा.

नाणेघाट

नाणी जमवतो म्हणून एक तुकडा टाकतो. साप इजिप्तमध्ये गेला आणि त्याचं नशीब फळफळलं. अलेक्झांड्रियात अगाथोस दायमोन हा शहराचाच राखणदार झाला. दंतकथा अशी: शहर बांधताना एक साप मजुरांना घाबरवत होता. अलेक्झांडरनं तो मारवला, मग त्याचं ठाणं बांधलं. त्यातून लहान साप निघून घराघरांत शिरले. लोकांनी त्यांना हाकललं नाही, गव्हाची पेज ठेवली. तिथल्या मूळच्या शाइ या नशिबाच्या देवाशी त्याची सांगड बसली, आणि टॉलेमीच्या 'भूगोल' या ग्रंथात नाइलच्या एका फाट्याचंच नाव अगाथोस दायमोन आहे.

मग आला रोमन सम्राट नीरो. अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीतून त्याच्या काळात निघालेल्या नाण्यांवर मुकुट घातलेला साप, बाजूला कणसं, आणि ग्रीकमध्ये 'नवा अगाथोस दायमोन'. म्हणजे नीरो हाच नवा भला राखणदार. स्वस्तुतीचे फ्लेक्स तेव्हाही लागत, फक्त चांदीमिश्रित.

खडीसाखर

'भावी अगाथोस दायमोन' असा फ्लेक्स डोळ्यांसमोर आला. खाली वीस कार्यकर्त्यांचे फोटो.

सुंगटां

मी एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही.

मी गोव्याची, बार्देशातली, ख्रिस्ती घरातली. रायवळ ज्याला राखणदार म्हणतात त्याला आमच्याकडे देवचार म्हणतात. आमच्या वाड्यावरचे हिंदू शेजारी शेताच्या बांधावर देवचाराला रोट ठेवतात, विडी ठेवतात, थोडा सोरो, म्हणजे दारू, ओततात. तो खांद्यावर कांबळ घेऊन रात्री हद्दीवरून फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो. आणि आम्ही लहानपणी दोत्रीनीला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणात, शिकलो काय? देवचार म्हणजे सैतान. प्रार्थनेतसुद्धा तोच शब्द. रस्त्याच्या एका बाजूला देवचार राखण करतो, दुसऱ्या बाजूला तोच देवचार नरकात नेतो. मधे फक्त आठ फुटांची वाट.

माझी आजी मात्र दोन्हीकडची होती. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, आणि घरात कुणी आजारी पडलं की शेजारणीला हळूच पैसे द्यायची, 'आमचे खातीरूय एक रोट दवर.' म्हणजे आमच्यासाठीही एक रोट ठेव.

शब्दपिसू

सुंगटां, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. दायमोनचं नेमकं हेच झालं.

प्लेटोच्या अकादमीतल्या झेनोक्रातेसनं आधीच दायमोनांमध्ये भले आणि दुष्ट असे दोन गट पाडले होते. पण खरी कलाटणी भाषांतरात आहे. हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणताना ज्यू भाषांतरकारांनी परक्यांच्या देवांसाठी शब्द निवडला 'दायमोनिआ'. स्तोत्रात येतं, 'परराष्ट्रांचे सर्व देव दायमोनिआ आहेत.' या कामाची सुरुवात झाली इ.स.पू. तिसऱ्या शतकात, आणि गाव कोणतं? अलेक्झांड्रिया. नाणेघाट यांचे साप जिथे पेज पीत होते तेच. पुढे नव्या करारात येशू माणसांच्या अंगातून जी काढतो तीही दायमोनिआच. आणि राखणदाराचं काम? ते 'आंगेलोस'कडे गेलं, मूळ अर्थ निरोप्या. जागा तीच, हुद्दा तोच, माणूस बदलला.

ओंकारेश्वर_पूल

मग आपल्या 'असुर'चंही तेच की. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय, मानानं. नंतर झाला राक्षस. आणि इराण्यांकडे अहुर चांगला, दएव वाईट.

शब्दपिसू

पूलकाका, यावर पूर्ण गुण.

शेवटची_कर्जत

धागा आता वेदांत शिरला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

समुद्रपक्षी

जाता जाता, आजच्या ग्रीकमध्ये शब्द पूर्ण बदनाम झालेला नाही. आमच्या कंपनीचा ग्रीक सुपरिंटेंडंट एका जहाजमालकाबद्दल म्हणाला की त्याच्याकडे धंद्याचं 'देमोन्यो' आहे. मी दचकलो. अर्थ होता, धंद्याची उपजत अक्कल. आणि त्याच्या आजोळच्या खेड्यात घरातल्या सापाला मारत नसत, घराचा 'स्तिख्यो' म्हणत. नाव बदललं, साप तोच.

ताकपिठं

मूळ प्रश्नाकडे येते, कारण संपादकांचा दुसरा निरोप आलाय.

सध्या असं ठरवलंय: हेसिअडच्या धुक्यातल्या मंडळींना 'राखणदार', कारण तो स्वतःच तसं म्हणतो. सॉक्रेटिसच्या आवाजाला 'खूण'. आणि अगाथोस दायमोन तसाच ठेवून पहिल्यांदा येतो तिथे 'घराचा भला राखणा'. 'वाटा' मात्र शीर्षकात हवाच आहे.

उभा_आडवा

एका शब्दाला तीन भाषांतरं? मग वाचकाला कळणार कसं की हा एकच शब्द होता? सगळीकडे दायमोन ठेवा, वाचक शिकेल. आपण 'ओयासिस' शिकलो, 'ट्रॅजेडी' शिकलो.

रायवळ

माझी आई शिकायची नाय. पण दिवाळी अंक तीच वाचता. राखणदार ठेवा.

पाटावरवंटा

'राखणा'ला माझं मत. राखणदार म्हटलं की शीव आठवते, राखणा घरात मावतो.

बिनपाण्याचा

विधी यथासांग झाला. ग्रीक लेखक प्लुटार्क म्हणतो की अथेन्सचे लोक नव्या वाइनचे रांजण उघडताना आधी थोडी वाहत आणि प्रार्थना करत की हे औषध आम्हाला न बाधो. प्रार्थना करायची राहिली. शब्द सुचला होता, तोही गेला.

सुंगटां

आईला फोन करून विचारलं, बरा देवचार असू शकतो का गं? ती म्हणाली, तिन्हीसांजेला नाव घेऊ नकोस, आणि आजीच्या रोटाचं तुला कुणी सांगितलं?